गाळलेली तपासणी आणि अनंत वृक्ष

1965 मध्ये जे. अ‍ॅलन रॉबिन्सन यांनी यंत्राला तर्क करता यावा म्हणून ‘रिझोल्यूशन’ हा नियम मांडला. त्याचा कणा होता युनिफिकेशन: दोन पदांतल्या चलांना अशा किमती द्यायच्या की ती पदे तंतोतंत एकरूप व्हावीत. चलाला एखादे पद जोडण्याआधी तेच चल त्या पदात दडलेले नाही ना, हेही तपासायचे; कारण क्ष = फ(क्ष) हे समीकरण कोणतेच सान्त पद पुरे करू शकत नाही. 1972 च्या सुमारास मार्से इथे आलँ कोल्मेरोए आणि फिलिप रूसेल यांनी रिझोल्यूशनवर आधारलेली प्रोलॉग ही प्रोग्रामिंग भाषा घडवली, तेव्हा ही तपासणी गाळली. ती ठेवली असती तर दोन याद्या जोडण्याचे साधे कामही लांबीच्या नव्हे, लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत गेले असते.

वेगासाठी केलेली तडजोड, एवढीच या निर्णयाची ओळख सांगणे अपुरे आहे. 1982 च्या सुमारास प्रोलॉग-२ घडवताना कोल्मेरोए यांनी पदे सान्तच हवीत हे गृहीतकच सोडले. आता क्ष = फ(क्ष) ला उत्तर मिळाले: फ(फ(फ(…))) हा अनंत वृक्ष. त्यातले वेगळे उपवृक्ष मोजकेच असल्याने स्वतःकडे परतणाऱ्या एका दुव्याने तो स्मृतीत मावतो. मात्र नुसती तपासणी काढून हे साधत नाही; चक्रात फिरताना गणन कधी थांबणारच नाही. एकदा तुलनेला घेतलेली जोडी पुन्हा आली तर ती समान मानायची, अशी नवी शिस्त लागते. जेरार उए यांनी 1976 मध्येच अशा वृक्षांच्या युनिफिकेशनचा विचार केला होता.

यावर तर्कशास्त्रज्ञांचा आक्षेप गंभीर आहे. तपासणी नसेल तर ‘प्रत्येकाला कोणीतरी आवडते’ यावरून ‘कोणी एकजण सर्वांना आवडतो’ हे चुकीचे अनुमानही यंत्र सिद्ध करून देते. प्रमेय सिद्ध करणाऱ्या प्रणालीत तपासणी हवीच. पण या उदाहरणातून अनंत वृक्ष सदोष ठरत नाहीत. सान्त पदांबद्दलचा प्रश्न अनंत वृक्षांच्या नियमांनी सोडवला, हा त्यातला दोष आहे. प्रोलॉगच्या 1995 च्या आयएसओ मानकाने तपासणीसह चालणारे वेगळे प्रेडिकेट दिले, पण नेहमीच्या युनिफिकेशनमध्ये चक्र उद्भवले तर निकाल काय, हे अनिर्णित ठेवले. कोल्मेरोए यांची वाट अधिक प्रामाणिक होती. वेगासाठी नियम सोडायचा असेल, तर त्यानंतर ‘समान’ म्हणजे काय, हे भाषेने स्पष्ट सांगितले पाहिजे. ते न सांगता मिळवलेल्या वेगाची किंमत प्रोग्राम लिहिणाऱ्याला मोजावी लागते.