‘उकलणे’ आणि ‘मोडणे’ : एक टिपण

‘मोडणे’ व ‘उकलणे’ ही दोन्ही क्रियापदे जुळलेले वेगळे करण्याची वाचक होत. परंतु मोडलेली वस्तू निकामी होते. उकललेली घडी वा गाठ मूळ द्रव्यास धक्का न लागता मोकळी होते. ‘उकल’ या नामाचा ‘उलगडा’ हा अर्थ याच छटेतून सिद्ध होतो.

बीड जिल्ह्यातील पाटोदा १९४८ पर्यंत निजामी राज्यात होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्या राज्याच्या दप्तरात फार्सीची जागा उर्दूने घेतली. कुलकर्ण्यांचे मराठी लेखन मात्र मोडीत चाले. मोडीत शब्दाशब्दांत अंतर नसते. ओळ भलत्या ठिकाणी तोडल्यास नाव बदलते आणि नावाबरोबर जमिनीचा वारसही. म्हणून अभ्यासकाने कागद उकलावा; मोडू नये.