जुन्या मजकूर संपादकांतील मराठी टंकनाच्या अडचणी

जुन्या मजकूर संपादकांतील मराठी टंकनाच्या अडचणी म्हणजे नोटपॅड, व्हीआय, विम, ईमॅक्स यांसारख्या साध्या संपादकांत देवनागरी मजकूर लिहिताना, साठवताना किंवा पुन्हा उघडताना आढळणारे दोष होत. कळ दाबूनही मराठी अक्षर न उमटणे, वेलांटी भलत्या जागी दिसणे, जोडाक्षर फुटणे, अक्षरांऐवजी चौकोन किंवा प्रश्नचिन्हे येणे ही त्यांची नेहमीची लक्षणे आहेत. या दोषांचे मूळ कळफलक, संकेतन किंवा फाँट यांपैकी एका स्तरावर असते. दोष केवळ दिसण्यातला असेल, तर मूळ मजकूर शाबूत असतो. मात्र तोच मजकूर चुकीच्या संकेतनात पुन्हा साठवल्यास कायमचा नष्ट होऊ शकतो. म्हणून दोष कोणत्या स्तरावर आहे हे निश्चित होईपर्यंत धारिका साठवू नये, हा दुरुस्तीचा पहिला नियम मानला जातो.

== पार्श्वभूमी ==

संगणकापूर्वी मराठी टंकलेखन यांत्रिक टंकलेखन यंत्रावर होत असे. यंत्रावर कळांची संख्या मर्यादित असल्याने अर्धे अक्षर उमटवून त्याला काना जोडायचा आणि ते पूर्ण करायचे, अशी रचना होती. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार अक्षरानंतर टंकित केला जाई. म्हणजेच टंकनाचा क्रम उच्चाराचा नसून दिसण्याचा होता.

भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिकी विभागाने १९८६ मध्ये भारतीय लिप्यांसाठी इन्स्क्रिप्ट हा समान कळफलक प्रमाणित केला व १९८८ मध्ये त्यात सुधारणा केली. १९९१ मध्ये भारतीय मानक ब्युरोने ‘इस्की’ हे संकेतन मानक (आयएस १३१९४ : १९९१) प्रसिद्ध केले, इन्स्क्रिप्टचा समावेश त्याच मानकात झाला. १९८८ मध्ये पुणे येथे स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेने आयआयटी कानपूर येथे सुरू झालेले ‘जिस्ट’ तंत्रज्ञान पुढे विकसित केले. ‘जिस्ट’ कार्ड बसवलेल्या संगणकावर डॉस प्रणालीतील साध्या संपादकांतही देवनागरी लिहिता येत असे.

युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली आणि तिच्यात देवनागरीला १२८ स्थानांचा स्वतंत्र विभाग मिळाला. तथापि विंडोज ९५ व विंडोज ९८ या प्रणालींत देवनागरी युनिकोडची अंगभूत सोय नव्हती. ती विंडोज २००० पासून आली. या मधल्या काळात श्री-लिपी, आकृती, शिवाजी, कृतिदेव अशा निरनिराळ्या फाँटसंचांत फार मोठ्या प्रमाणावर मराठी मजकूर तयार झाला. आज जुन्या धारिका उघडताना येणाऱ्या बहुतेक अडचणी या काळातील आहेत.

== मजकुराचे तीन स्तर ==

पडद्यावर दिसणारे अक्षर तीन टप्प्यांतून तयार होते. कळफलकाची आज्ञावली दाबलेल्या कळेचे रूपांतर विशिष्ट संकेतांकात करते. संपादक तो संकेतांक ठरावीक संकेतनात धारिकेत साठवतो. शेवटी अक्षररचना करणारी यंत्रणा फाँटच्या साहाय्याने त्या संकेतांकांना दृश्य रूप देते.

रायगड जिल्ह्यातील महाड तालुक्यात सावित्री नदीच्या काठी असलेल्या, गरम पाण्याच्या झऱ्यांसाठी परिचित असलेल्या ‘सव’ या गावाचे नाव उदाहरणादाखल घेता येईल. या नावात काना, मात्रा वा वेलांटी नाही. युनिकोडमध्ये त्याचे दोन संकेतांक होतात. यूटीएफ-८ संकेतनात देवनागरीचा प्रत्येक संकेतांक तीन बाइट व्यापतो, त्यामुळे ‘सव’ सहा बाइटांत साठवला जातो. यूटीएफ-१६ मध्ये त्याला चार आणि इस्कीमध्ये दोन बाइट लागतात. ‘शिवाजी’ फाँटच्या पद्धतीत मात्र हेच नाव एस, ए, व्ही, ए या चार रोमन अक्षरांच्या रूपात साठवलेले असते. दिसणारा शब्द एकच असला तरी धारिकेतील आशय असा वेगवेगळा असतो.

‘सावित्री’ या शब्दात स, काना, व, ऱ्हस्व वेलांटी, त, हलन्त चिन्ह, र व दीर्घ वेलांटी असे आठ संकेतांक आहेत. ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांना ‘व’च्या आधी दिसते, पण धारिकेत ती ‘व’नंतर असते. तिला योग्य जागी नेणे आणि ‘त’ व ‘र’ यांचे जोडाक्षर करणे हे काम अक्षररचनेची यंत्रणा करते. ती यंत्रणा नसलेल्या जुन्या संपादकात वेलांटी ‘व’च्या उजवीकडे दिसते व ‘त’चा पाय मोडलेला दिसतो. अशा वेळी मजकूर अचूक असतो. ‘दुरुस्ती’ म्हणून वेलांटी ‘व’च्या आधी टंकित केल्यास मात्र अचूक शब्द खरोखरच चुकीचा होतो.

== कळफलकाचे दोष ==

=== मराठीऐवजी रोमन अक्षरे उमटणे ===

विंडोजमध्ये डावी आल्ट व शिफ्ट या कळा एकत्र दाबून टंकनाची भाषा बदलता येते. विंडोज ८ पूर्वीच्या आवृत्त्यांत ही निवड प्रत्येक प्रोग्रॅमसाठी स्वतंत्र राहत असे. त्यामुळे एका खिडकीत मराठी निवडूनही नोटपॅडच्या खिडकीत रोमन अक्षरेच उमटत. भाषा बदलण्यापूर्वी संपादकाच्या खिडकीत क्लिक करणे हा त्यावरील उपाय आहे. विंडोज एक्सपीमध्ये नियंत्रण पटलातील प्रादेशिक व भाषाविषयक पर्यायांत जाऊन जटिल लिप्यांसाठीच्या धारिका वेगळ्याने स्थापित कराव्या लागतात. त्या नसल्यास मराठी कळफलक निवडता येत नाही.

=== टिंबांचे वर्तुळ दिसणे ===

काना, मात्रा किंवा वेलांटी यांच्या आधी व्यंजन नसेल, तर त्या चिन्हासोबत टिंबांचे वर्तुळ दिसते. टंकलेखन यंत्राची सवय असलेली व्यक्ती इन्स्क्रिप्टवर ऱ्हस्व वेलांटी आधी टंकित करते, तेव्हा हा दोष हमखास येतो. इन्स्क्रिप्टमध्ये उच्चाराचा क्रम पाळावा लागतो : आधी व्यंजन, नंतर स्वरचिन्ह. रफारासाठी आधी र, मग हलन्त चिन्ह आणि नंतर पुढचे व्यंजन, असा क्रम आहे. जुनी सवय सोडणे शक्य नसल्यास रेमिंग्टन पद्धतीचा युनिकोड कळफलक वापरता येतो.

=== अक्षर खोडताना शब्द बदलणे ===

विंडोजमधील संपादकांत बॅकस्पेसची कळ एका वेळी एकच संकेतांक खोडते, तर डिलीटची कळ कर्सरपुढचे पूर्ण अक्षर खोडते. त्यामुळे ‘त्री’नंतर बॅकस्पेस एकदा दाबल्यास केवळ दीर्घ वेलांटी जाते आणि ‘त्र’ उरतो. हा बिघाड नसून चुकलेले स्वरचिन्ह तेवढेच बदलण्याची सोय आहे.

== संकेतनाचे दोष ==

=== प्रश्नचिन्हे ===

विंडोज २००० व त्यानंतरच्या नोटपॅडमध्ये धारिका साठवताना एएनएसआय, युनिकोड, युनिकोड बिग एंडियन आणि यूटीएफ-८ असे पर्याय असत. यांतील ‘युनिकोड’ या नावाचा पर्याय म्हणजे यूटीएफ-१६ होय. नवीन धारिकेसाठी एएनएसआय हा पर्याय आपोआप निवडलेला असे. त्या संकेतनात देवनागरीला जागा नाही. साठवताना नोटपॅड तशी सूचना देतो. पण ती न वाचता संमती दिल्यास प्रत्येक संकेतांकाच्या जागी एक प्रश्नचिन्ह साठवले जाते. ‘सव’ची दोन व ‘सावित्री’ची आठ प्रश्नचिन्हे होतात. कोणत्या चिन्हामागे कोणते अक्षर होते, याची खूण धारिकेत उरत नाही. असा मजकूर फाँट बदलून किंवा रूपांतरक वापरून परत मिळत नाही. दुसरी प्रत शोधणे हाच मार्ग राहतो.

=== निरर्थक रोमन चिन्हांची रांग ===

यूटीएफ-८ मधील मराठी धारिका पाश्चात्त्य युरोपीय संकेतनात उघडल्यास दर तीन चिन्हांच्या गटात पहिले चिन्ह तेच येते : डोक्यावर तिरकी रेघ असलेले रोमन ‘ए’. ही पुनरावृत्ती या दोषाची ओळख आहे. येथे मूळ बाइट सुरक्षित असतात. धारिका न साठवता बंद करावी आणि उघडण्याच्या चौकटीत यूटीएफ-८ निवडून पुन्हा उघडावी.

जुना नोटपॅड यूटीएफ-८ धारिकेच्या आरंभी तीन बाइटांची ओळखखूण जोडत असे. काही प्रोग्रॅमांना ती न समजल्याने मजकुराच्या सुरुवातीला अनोळखी चिन्हे दिसतात. २०१९ मधील विंडोज १० च्या १९०३ या आवृत्तीपासून नोटपॅडमध्ये अशी खूण नसलेले यूटीएफ-८ हेच नेहमीचे संकेतन झाले.

=== चौकोन ===

प्रत्येक अक्षराच्या जागी रिकामा चौकोन दिसत असल्यास निवडलेल्या फाँटमध्ये देवनागरी अक्षरे नाहीत, असा त्याचा अर्थ होतो. मंगल किंवा अन्य युनिकोड फाँट निवडल्यावर मजकूर दिसू लागतो. मंगल फाँटची रचना सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी केली होती.

== जुन्या फाँटमधील मजकूर ==

जुन्या फाँटसंचांत देवनागरीचे आकार रोमन अक्षरांच्या व इतर चिन्हांच्या जागी बसवलेले होते. साध्या मजकुराच्या धारिकेत फाँटचे नाव साठवले जात नाही. त्यामुळे ती दुसऱ्या संगणकावर उघडताच रोमन अक्षरांची अर्थहीन जुळणी दिसते. मूळ फाँट उपलब्ध असल्यास तो निवडून मजकूर वाचता येतो. मात्र त्यात शोध घेणे, वर्णानुक्रम लावणे किंवा तो अन्यत्र वापरणे शक्य होत नाही. त्यासाठी युनिकोडमध्ये रूपांतर करावे लागते.

प्रत्येक फाँटसंचाची मांडणी निराळी असल्याने रूपांतरकही त्याच संचासाठीचा असावा लागतो. रूपांतरात ऱ्हस्व वेलांटी व्यंजनानंतर आणि रफार व्यंजनापूर्वी हलवावा लागतो. ‘दुर्ग’ शब्दातील रफार जुन्या धारिकेत ‘ग’नंतर असतो, तर युनिकोडमध्ये ‘र’ व हलन्त चिन्ह ‘ग’च्या आधी येतात. म्हणून रूपांतरानंतर वेलांट्या, रफार व जोडाक्षरे डोळ्यांखालून घालणे आवश्यक असते. मूळ धारिका जतन करून रूपांतर तिच्या प्रतीवरच करावे.

== मराठीची विशिष्ट अक्षरे ==

=== अर्धा र ===

‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोल भाग. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांतही असाच अर्थभेद आहे. ‘ऱ्य’ व ‘ऱ्ह’ मधील आडवा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो : ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षराला हलन्त चिन्ह जोडून, किंवा साध्या ‘र’ला हलन्त चिन्ह व त्यापुढे शून्य रुंदीचे जोडचिन्ह देऊन. दोन्हींचे दृश्य रूप सारखेच असते. जोडचिन्ह अदृश्य असल्याने काही प्रोग्रॅम ते अनावश्यक समजून गाळतात आणि ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो. कऱ्हाड हे गावाचे नाव किंवा गोऱ्हे हे आडनावही अशा रीतीने बिघडू शकते. इन्स्क्रिप्टवर शिफ्ट व जे या कळांनी ‘ऱ’ उमटतो. त्यापुढे हलन्त चिन्ह देण्याची पहिली पद्धत अधिक टिकाऊ ठरते.

=== ॲ ===

‘ॲ’ या अक्षराला युनिकोडच्या ५.१ या आवृत्तीत, २००८ मध्ये, स्वतंत्र स्थान मिळाले. त्यापूर्वी ‘अ’ला चंद्र जोडून किंवा हिंदीतील ‘ऍ’ वापरून काम भागवले जाई. परिणामी एकच शब्द निरनिराळ्या संकेतांकांत साठवला गेला आणि एका रूपाने शोध घेतल्यास दुसरे सापडेनासे झाले. जुन्या धारिकेत शोध घेताना ही सर्व रूपे तपासावी लागतात.

=== ल आणि श ===

मराठी व हिंदी पद्धतीचे ‘ल’ आणि ‘श’ आकाराने वेगळे असले, तरी त्यांचे संकेतांक एकच आहेत. हिंदी वळणाचे आकार दिसणे हा टंकनाचा दोष नसून फाँटचा प्रश्न आहे. त्यासाठी मजकुरात बदल करण्याची गरज नसते. मराठी वळणाचा फाँट निवडणे पुरेसे होते.

== विम आणि ईमॅक्स ==

व्हीआय व विम यांत आज्ञा देण्याची आणि मजकूर लिहिण्याची अवस्था वेगळी असते. आज्ञा रोमन अक्षरांत असल्याने प्रणालीचा कळफलक मराठीवर ठेवल्यास आज्ञा चालत नाहीत व संपादक बंद पडल्याचा भास होतो. कळफलक इंग्रजीवर आणल्यास आज्ञा पूर्ववत चालतात. २००१ मध्ये आलेल्या विमच्या सहाव्या आवृत्तीपासून ‘कीमॅप’ची सोय आहे, तिच्यामुळे केवळ लेखनाच्या अवस्थेतच मराठी अक्षरे उमटतात. ईमॅक्समध्ये देवनागरीसाठी इन्स्क्रिप्ट व आयट्रान्स या टंकनपद्धती असून त्या चालू-बंद करण्यासाठी कंट्रोल व उलट्या तिरक्या रेघेची कळ एकत्र दाबतात. विम टर्मिनलमध्ये चालत असल्यास अक्षररचना टर्मिनलवर अवलंबून असते. त्यामुळे फुटलेली जोडाक्षरे दिसली, तरी तीच धारिका अन्य संपादकात सुरळीत दिसू शकते.

== निदानाचा क्रम ==

# धारिका साठवू नये. तिची प्रत काढून प्रतीवरच तपासणी करावी.
# तीच प्रत युनिकोड समजणाऱ्या नव्या संपादकात उघडावी. मजकूर नीट दिसल्यास दोष जुन्या संपादकाच्या अक्षररचनेत किंवा फाँटमध्ये असतो.
# नीट न दिसल्यास यूटीएफ-८ व यूटीएफ-१६ ही संकेतने आळीपाळीने निवडून पाहावीत.
# रोमन अक्षरांची जुळणी कायम राहिल्यास मजकूर जुन्या फाँटमधील असल्याचे गृहीत धरून मूळ फाँट शोधावा.
# सर्व संकेतनांत प्रश्नचिन्हेच दिसल्यास मजकूर नष्ट झालेला असतो.
# जुना मजकूर ठीक असून नवीन टंकनच चुकत असल्यास कळफलकाची निवड व टंकनाचा क्रम तपासावा.

== हेही पाहा ==

* इन्स्क्रिप्ट
* युनिकोड
* देवनागरी
* मराठी वर्णमाला