तेल खोल झालं तेव्हा

डॉर्डरेख्टच्या संग्रहालयात साधारण 1652 सालचं एक चित्र आहे. अल्बर्ट काउप या चित्रकाराच्या नावाने ते ओळखलं जातं. त्यात स्वयंपाकघरातली एक मोलकरीण आहे आणि तिच्यापाशी तळलेल्या गोळ्यांनी भरलेलं मातीचं भांडं. त्या शतकातल्या डच चित्रकारांनी खाण्याच्या वस्तू पुष्कळ रंगवल्या: अर्धी सोललेली लिंबं, कालवं, चांदीच्या तबकांतली पक्वान्नं. ती श्रीमंतांची टेबलं होती. या चित्रातला पदार्थ मात्र हाताने उचलून तोंडात टाकायचा आहे. तेव्हा त्याला ओलीकूक म्हणत, आता ओलीबॉल म्हणतात. मैदा, दूध, यीस्ट, मनुका, सफरचंदाचे तुकडे, आणि वरून पिठीसाखर. आजही 31 डिसेंबरला नेदरलँड्समधल्या असंख्य घरांत त्याचं तळण निघतं.

मी मूळची वेंगुर्ल्याची. डच ईस्ट इंडिया कंपनीच्या वखारीचे अवशेष आमच्या गावात अजून उभे आहेत. पोर्तुगीजांच्या गोव्यावर नजर ठेवायला सतराव्या शतकात कंपनीने तिथे बस्तान मांडलं होतं. लहानपणी डच लोक म्हणजे माझ्या लेखी त्या पडक्या भिंती होत्या. लग्नानंतर डेल्फ्टला राहायला आले, तेव्हा मनात पहिल्यांदा प्रश्न आला की ही माणसं आपापल्या घरी काय रांधत होती. त्याचं उत्तर शोधायला मला शेजारच्या आजींनी शिकवलं. त्यांना सगळी गल्ली ओमा म्हणते. त्या ओलीबॉल घरात तळत नाहीत. मागच्या बागेतल्या शेडमध्ये शेगडी मांडतात, कारण तेलाचा वास पडद्यांना आठवडाभर धरून राहतो. पहिल्याच वेळी मी पातेल्यात तेल जपून ओतत होते. त्या म्हणाल्या, “आणखी ओत. एवढ्यात गोळा होणार नाही, चपटी वडी होईल.” या पदार्थाचा इतिहास वाचायला लागल्यावर मला पटलं की तो सगळा याच वाक्यात आहे.

ओलीकूकची सर्वांत प्रसिद्ध जुनी कृती ‘डे व्हर्स्टांडिगे कॉक’ या पाकपुस्तकात आहे. ते 1667 मध्ये अॅमस्टरडॅमला छापलं गेलं. दोन पौंड गव्हाचं पीठ आणि तितक्याच वजनाच्या मनुका! मनुका धुऊन कोमट पाण्यात फुगत ठेवायच्या. उत्तम सफरचंदं सोलून, बिया काढून अगदी बारीक चिरायची. सोललेले बदाम, दालचिनी, पांढरी सुंठ, थोड्या लवंगा. वितळलेलं लोणी, मोठा चमचाभर यीस्ट आणि कोमट दूध. दूध बेतानेच घालायचं, कारण पीठ चमच्यावरून तुटून पडता कामा नये, ओढत उतरलं पाहिजे. साखर नाही, अंडं नाही. गोडवा सगळा मनुकांचा.

त्यानंतरची पायरी मला सर्वांत मोलाची वाटते. तळणासाठी घ्यायचं ते रेपसीडचं तेल, पण ते तसंच वापरायचं नाही. त्यात पावाचा कडक तुकडा आणि अर्धं सफरचंद टाकून ते चांगलं तापवायचं, त्याचा उग्रपणा जाळून काढायचा. रेपसीड हे मोहरीच्या कुळातलं. बंगाल-बिहारच्या घरांत मोहरीचं तेल धूर निघेपर्यंत तापवून मगच फोडणी करतात, त्यामागे हीच गरज आहे. पुस्तक लिहिणाऱ्याला ठाऊक होतं की चांगल्या दालचिनीवर कडवट तेल पाणी फिरवेल.

हे तेल यायचं वाऱ्यावर चालणाऱ्या घाण्यांतून. अॅमस्टरडॅमच्या उत्तरेला झान नदीकाठी अशा पवनचक्क्या ओळीने उभ्या होत्या. ‘डे झूकर’ नावाची एक आजही चालू स्थितीत आहे. उभी फिरणारी जड दगडी चाकं बी भरडतात. तो भरडा तव्यावर गरम करतात, लोकरीच्या पिशव्यांत भरतात आणि पाचरींवर लाकडी ठोकळ्यांचे घाव घालून तेल पिळतात. उरलेली पेंड गुरांना जाते. समुद्र आणि तळी हटवून मिळवलेल्या नव्या जमिनीत सुरुवातीच्या वर्षांत रेपसीड हे नेहमीचं पीक होतं. म्हणजे या देशाने जमीन घडवली आणि तळणाचं तेलही तिच्यातूनच काढलं.

पण तेलाला गिऱ्हाइकं फार होती. दिवे त्यावर जळत, साबण त्याचा होई. डिसेंबरात इथे दुपारी साडेचारला अंधार पडतो. अशा दिवसांत तेल दिव्यात घालायचं की कढईत, हा साध्या घराला खरोखरचा प्रश्न होता. ‘डे व्हर्स्टांडिगे कॉक’ हे गावाबाहेर बागबंगले असलेल्या सुखवस्तू कुटुंबांसाठी लिहिलेलं पुस्तक आहे. बाकीच्यांच्या तव्यात तेलाचा थर पातळच असणार. पातळ थरात सैल पीठ सोडलं की ते तळाला टेकतं, पसरतं आणि दोन्ही बाजूंनी भाजावं लागतं. गोळा व्हायला त्याला तरंगायला जागा लागते. साध्या घरांत चपट्या ओलीकूकचा गोल ओलीबॉल झाला तो तेल स्वस्त आणि खोल झाल्यावर.

वर्षअखेरच का, याची उत्तरं अनेक सांगतात. एक दंतकथा पेर्ख्टा देवीची आहे. मध्यहिवाळ्यात ती आकाशातून फिरते, तलवारीने माणसांची पोटं फाडते. ज्याने तेलकट खाल्लंय त्याच्यावरून तिची तलवार घसरते. गोष्ट छान आहे, पण मला कोठीघर जास्त खरं वाटतं. ऐन हिवाळ्यात ताजं फळ नाही. उरतात सुकवलेल्या मनुका आणि पेंढ्यात जपलेली सफरचंदं. कॅथलिक काळात उपवासाच्या दिवसांत लोणी आणि चरबी वर्ज्य असे, म्हणून तेलाला स्थान मिळालं. 1667 च्या कृतीत मात्र दूध आहे, लोणी आहे. तोवर डच प्रजासत्ताक प्रोटेस्टंट झालं होतं. उपवासाचा नियम गेला, त्या नियमाने घरात आणलेलं तळण राहिलं.

त्या कृतीतल्या ‘थोड्या लवंगा’ मात्र मला सहज ओलांडून जाता येत नाहीत. लवंगेचा भाव चढा ठेवण्यासाठी डच ईस्ट इंडिया कंपनीने लागवड आजच्या इंडोनेशियातल्या अंबोन आणि आसपासच्या बेटांपुरती बांधून टाकली आणि इतरत्रची झाडं तोडली. 1650 च्या दशकात होआमोआल द्वीपकल्पावरची लवंग उखडून तिथली वस्तीच हटवली. दालचिनी सिलोनची, कोलंबो डचांनी 1656 मध्ये घेतलं. पुस्तक छापून आलं ते त्यानंतर अकरा वर्षांनी. वेंगुर्ल्याची वखार याच जाळ्यातली एक गाठ होती. गोड पदार्थाचा इतिहास सांगताना हे गाळलं तर तो इतिहास अर्धवट राहतो.

1667 हे साल आणखी एका कारणाने लक्षात ठेवावं. त्याच वर्षी ब्रेडाच्या तहात सुरिनाम डचांकडे राहिलं आणि न्यू अॅमस्टरडॅम, म्हणजे आजचं न्यूयॉर्क, इंग्रजांकडे. तिथे स्थायिक झालेल्या डच कुटुंबांबरोबर ओलीकूकही त्या किनाऱ्यावर राहिला. 1809 मध्ये वॉशिंग्टन आयर्व्हिंगने न्यूयॉर्कच्या इतिहासावरच्या आपल्या पुस्तकात त्याचा उल्लेख डोनटच्या जोडीने केला आहे. आणि सुरिनाममध्ये गुलामांच्या श्रमावर उसाचे मळे वाढले. गुलामगिरी तिथे 1863 मध्ये कायद्याने संपली. 1873 मध्ये ‘लल्ला रूख’ जहाजातून कलकत्त्याहून आलेले करारबद्ध मजूर तिथे उतरले. त्यांचे वंशज आज इथे हेगमध्ये माझ्या ओळखीत आहेत, आणि 31 डिसेंबरला तेही ओलीबॉल तळतात. दरम्यान इकडे नेदरलँड्समध्ये 1858 साली झेव्हनबर्खनला बिटापासून साखर करणारा कारखाना निघाला होता. साखर घरच्या शेतातून येऊ लागली.

शेवटचा मोठा बदल माझ्या आताच्या गावात, डेल्फ्टमध्ये झाला. पूर्वी यीस्ट दारू गाळणाऱ्यांकडून आणायचं. ते कधी जोमदार, कधी मेलेलं. झाक व्हान मार्केनने 1869 मध्ये इथे यीस्टचा कारखाना काढला आणि एकसारख्या प्रतीचं दाबलेलं यीस्ट विकायला आणलं. 1880 च्या दशकात त्याच्याच पुढाकाराने इथे तेलाचा कारखानाही उभा राहिला. तिथे शेंगदाण्याचं तेल निघे, स्वच्छ आणि बिनवासाचं. त्या तेलाच्या जाहिरातीसाठी यान टोरोपने 1894 मध्ये काढलेलं पोस्टर इतकं गाजलं की त्या वळणदार रेषांच्या शैलीला डच लोक आजही ‘सॅलड-तेलाची शैली’ म्हणतात. मला त्या पोस्टरमागची सोय अधिक भावते. आता तेलात पाव आणि सफरचंद जाळायची गरज उरली नाही. पीठ भरवशाने फुगू लागलं, तेल भरवशाचं मिळू लागलं.

घरी करणाऱ्यांसाठी ओमांची रीत सांगते. अर्धा किलो मैदा, साधारण अर्धा लिटर कोमट दूध, सात ग्रॅम सुकं यीस्ट, एक अंडं, दोन चमचे साखर. मीठ दीड चमचा, पण ते यीस्टवर थेट पडू द्यायचं नाही. दीडशे-दोनशे ग्रॅम मनुका भिजवून, नीट निथळून घ्यायच्या. ओल्या राहिल्या तर पीठ आतून कच्चं राहतं. सफरचंद आंबट आणि घट्ट हवं. इथे खाउडरेनेट वापरतात. पीठ झाकून उबदार जागी तासभर, दुप्पट होईपर्यंत ठेवायचं. फुगल्यावर पुन्हा ढवळायचं नाही, नाहीतर मिळवलेली हवा जाते. तेल 180 अंशांवर, शेंगदाण्याचं उत्तम. दोन चमचे आधी तेलात बुडवून त्यांनी गोळा सोडायचा. तेल पुरेसं खोल असेल तर तो वर येतो, खालची बाजू फुगून हलकी झाली की बहुतेकदा आपोआप उलटतो. पाच-सहा मिनिटांत झाऱ्याने काढायचा, एकदम खूप गोळे सोडून तेल गार होऊ द्यायचं नाही.

हे तळण मोठ्या प्रमाणातच करावं, असं माझं ठाम मत आहे. वर्षातून एकदा पातेलं भरून तेल ओतण्याची ऐपत साध्या घराला यायला पिढ्या लागल्या. ते वाटून खाण्यासाठीच आहे. आमच्या गल्लीत एका घरचे ओलीबॉल दुसऱ्या घरी जातात आणि त्या निमित्ताने वर्षभर न भेटलेली माणसं दारात उभी राहून बोलतात. उरलेलं तेल आम्ही बाटलीत भरून सुपरमार्केटपाशी ठेवलेल्या पिंपात नेऊन टाकतो. त्याचं पुढे वाहनांचं इंधन होतं. एके काळी दिवा की कढई, यातलं एकच निवडावं लागे. आता तेच तेल आधी तळणाला आणि मग जाळायला, दोन्हीला पुरतं.