धातू आणि हाड यांची सोयरीक

जालन्याच्या कारखान्यांत तयार होणारी लोखंडी सळई आपण सर्वांनी पाहिली आहे. तिच्या अंगावर कंगोरे असतात, म्हणून काँक्रीट तिला घट्ट धरून ठेवते. पडलेल्या दाताच्या जागी जबड्यात बसविल्या जाणाऱ्या धातूच्या मुळाचा इतिहासही पृष्ठभागाच्या याच प्रश्नाचा इतिहास आहे.

१९५२ साली स्वीडनचे डॉ. ब्रोनेमार्क सशाच्या हाडातील रक्ताभिसरणाचा अभ्यास करीत होते. प्रयोग संपल्यावर टायटॅनियमची कुपी काढू गेले, तर हाड तिला जडलेले! १९६५ मध्ये त्यांनी माणसाच्या जबड्यात टायटॅनियमचे स्क्रू बसविले. हाड जडण्यासाठी तीन ते सहा महिने थांबण्याची त्यांची रीत होती.

हा काळ कमी व्हावा म्हणून १९८० च्या दशकात हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइट या हाडातीलच खनिजासारख्या पदार्थाचा लेप पुढे आला. हाड लवकर जडू लागले. परंतु काही लेप पुढे विरघळले, काही सुटले. तेव्हा अनेक संशोधकांनी लेपाऐवजी धातूच खरबरीत करण्याचा मार्ग धरला. बारीक कणांचा मारा करावयाचा, मग आम्लाने धुवावयाचे. १९९० च्या दशकाच्या अखेरीस असे स्क्रू बाजारात आले आणि चांगल्या हाडात सहा आठवड्यांची प्रतीक्षा पुरेशी ठरू लागली.

मात्र काँक्रीट निर्जीव असते, हाड जिवंत. तंबाखू आणि काबूत नसलेला मधुमेह ही सोयरीक मोडू शकतात. म्हणून पालकहो, कृत्रिम मूळ बसविण्यापूर्वी दंतवैद्यांना त्याचा पृष्ठभाग कसा आहे व किती थांबावे लागेल हे अवश्य विचारा, आणि तंबाखू आजच सोडा. विद्यार्थ्यांनो, न निघालेल्या एका कुपीकडे कुतूहलाने पाहिले गेले, म्हणून हे शास्त्र जन्मले, हे ध्यानी ठेवा.