पाणपक्ष्यांचा अधिवास आणि शिकाऱ्यांचा पैसा : अमेरिकेतील 'बदक तिकिटा'चा इतिहास

प्रस्तावना :

वन्यजीव संरक्षणाच्या इतिहासात शिकाऱ्याकडे सामान्यतः प्रतिपक्ष म्हणून पाहिले जाते. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील पाणपक्ष्यांच्या संरक्षणाचा इतिहास या रूढ समजुतीस छेद देणारा आहे. त्या देशात स्थलांतरित बदके व हंस यांची शिकार करू इच्छिणाऱ्या १६ वर्षे वयाच्या व त्यावरील प्रत्येक व्यक्तीस राज्याच्या परवान्याखेरीज केंद्र शासनाचे एक तिकीट विकत घ्यावे लागते. या तिकिटाची जवळजवळ सर्व रक्कम पाणथळ जमिनी मिळविण्यासाठी खर्च होते. १९३४ पासून या एका मार्गाने ११० कोटी डॉलरहून अधिक निधी उभा राहिला व सुमारे ६० लाख एकर अधिवास सुरक्षित झाला. ही व्यवस्था कोणत्या परिस्थितीत निर्माण झाली, तिच्यामागे शिकाऱ्यांचे औदार्य होते की कायद्याची सक्ती, आणि तिच्यासाठी कोणती किंमत मोजावी लागली, या प्रश्नांचा परामर्श प्रस्तुत निबंधात घेतला आहे.

पार्श्वभूमी : बंदूक आणि नांगर

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत पाणपक्ष्यांची शिकार हा मोठा व्यापार होता. रेल्वे व बर्फ यांच्या साहाय्याने मारलेली बदके दूरच्या शहरांतील बाजारांत पोहोचू लागली. चेसापीक उपसागरासारख्या ठिकाणी व्यावसायिक शिकारी नावेवर बसविलेल्या प्रचंड बंदुकांच्या एकेका बारात डझनावारी पक्षी टिपत असत. या व्यापाराविरुद्ध प्रथम आवाज उठविणाऱ्यांत हौशी शिकारी अग्रभागी होते. व्यापारामुळे पक्षी संपले तर आपला छंदही संपेल, ही त्यांची भीती होती.

१९०० च्या लेसी कायद्याने राज्यांचे कायदे मोडून मारलेल्या पक्ष्यांच्या आंतरराज्य व्यापारास बंदी घातली. १९१६ मध्ये अमेरिका आणि कॅनडाच्या वतीने ब्रिटन यांच्यात स्थलांतरित पक्ष्यांविषयी करार झाला. १९१८ च्या कायद्याने त्याची अंमलबजावणी सुरू झाली, आणि १९२० मध्ये मिसुरी राज्याने दिलेले आव्हान फेटाळून सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा वैध ठरविला. येथपर्यंत बंदुकीवर नियंत्रण आले होते.

परंतु पक्ष्यांचा दुसरा शत्रू अधिक प्रबळ होता. १८४९ ते १८६० या काळातील दलदलविषयक कायद्यांनी केंद्राने आपल्या पाणथळ जमिनी निचरा करून लागवडीखाली आणण्याच्या अटीवर राज्यांना देऊन टाकल्या होत्या. तळी व दलदली म्हणजे वाया गेलेली जमीन, हीच त्या काळची सर्वमान्य धारणा होती. १७८० च्या दशकापासून पुढील दोन शतकांत अलास्का व हवाई वगळता उर्वरित देशाने आपल्या निम्म्याहून अधिक पाणथळ जमिनी गमावल्या. शिकारीवर बंदी घालणारा कोणताही कायदा शेतकऱ्याला चर खणण्यापासून रोखू शकत नव्हता. पक्षी वाचवायचे तर जमीन विकत घेणे आवश्यक होते, आणि त्यासाठी पैसा हवा होता.

निधीचा प्रश्न : १९२१ ते १९३४

शिकाऱ्यांकडून केंद्रीय शुल्क घेऊन त्यातून आश्रयस्थाने विकत घ्यावीत, ही सूचना १९२० च्या सुमारास पुढे आली. १९२१ पासून तशी विधेयके काँग्रेसपुढे वारंवार आली आणि वारंवार फसली. राज्यांच्या अधिकारांवर अतिक्रमण होते, असा एक आक्षेप होता. दुसरा आक्षेप संरक्षणवाद्यांच्या गोटातून आला. या विधेयकांत खरेदी केलेल्या जमिनींवर सार्वजनिक शिकार क्षेत्रे ठेवण्याची तरतूद होती. विल्यम हॉर्नडे यांच्यासारख्या कडव्या संरक्षणवाद्यांना आश्रयस्थानाच्या नावाखाली शिकारीची सोय होणे मान्य नव्हते. अखेरीस १९२९ मध्ये शुल्क आणि शिकार क्षेत्रे ही दोन्ही कलमे वगळून स्थलांतरित पक्षी संरक्षण कायदा संमत झाला. आश्रयस्थाने विकत घेण्याचा अधिकार मिळाला, पण त्यासाठी निधीचा कायमचा स्रोत मिळाला नाही. त्याच वर्षी आर्थिक महामंदी सुरू झाली, आणि पाठोपाठ आलेल्या दीर्घ अवर्षणाने उत्तरेकडील गवताळ प्रदेशातील तळी आटली. बदकांची संख्या झपाट्याने घसरली.

१९३४ च्या आरंभी राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी थॉमस बेक, आल्डो लिओपोल्ड आणि जे नॉरवुड डार्लिंग या तिघांची समिती नेमली. 'डिंग' या नावाने ओळखले जाणारे डार्लिंग हे 'डे मॉइन रजिस्टर' या दैनिकाचे ख्यातनाम व्यंगचित्रकार होते. ते रिपब्लिकन पक्षाचे असून रूझवेल्ट यांच्या धोरणांचे टीकाकारही होते. तरीही मार्च १९३४ मध्ये जैविक सर्वेक्षण विभागाचे प्रमुखपद त्यांच्याकडे सोपविण्यात आले. १६ मार्च १९३४ रोजी स्थलांतरित पक्षी शिकार तिकीट कायद्यावर राष्ट्राध्यक्षांची स्वाक्षरी झाली. जे विधेयक सुबत्तेच्या दशकात संमत होऊ शकले नाही, ते दारिद्र्याच्या काळात संमत झाले. तिजोरी रिकामी असताना शिकाऱ्यांनी स्वतःच खर्च उचलावा, या तजविजीस विरोध करणे कोणासही सोयीचे नव्हते.

तिकिटाची रचना व कार्यपद्धती

पहिल्या तिकिटावर पाण्यावर उतरणाऱ्या मॅलार्ड बदकांच्या जोडीचे चित्र होते आणि ते खुद्द डार्लिंग यांनी रेखाटले होते. तिकीट टपाल कचेरीत मिळे, त्याची किंमत १ डॉलर होती व शिकाऱ्याने त्यावर शाईने स्वाक्षरी केल्यावरच ते वैध ठरे. पहिल्या वर्षी ६,३५,००१ तिकिटे विकली गेली. १९४९ पासून चित्राची स्पर्धा सर्वांस खुली झाली. तिकीटसंग्राहक व पक्षीप्रेमीही ते विकत घेऊ लागले.

या रचनेचे मर्म तिच्या आर्थिक शिस्तीत आहे. जमा रक्कम सर्वसाधारण तिजोरीत विलीन न होता स्वतंत्र निधीत जाते, व १९२९ च्या कायद्याने स्थापन झालेल्या आयोगाच्या मंजुरीनेच जमीन घेता येते. १९५८ च्या दुरुस्तीने छपाई व विक्रीचा खर्च वगळता सर्व रक्कम जमिनीसाठी राखून ठेवली. शिवाय लहान तळ्यांभोवतीच्या जमिनी घेण्याचीही मुभा दिली. उत्तर व दक्षिण डकोटा, मिनेसोटा आदी राज्यांतील गवताळ प्रदेशात हिमयुगाने कोरलेल्या असंख्य उथळ खळग्यांत वसंतात पाणी साठते. उत्तर अमेरिकेतील बदकांच्या प्रजननाचे हे प्रमुख क्षेत्र होय. येथे शासनाने बहुधा जमीन विकत न घेता शेतकऱ्याशी कायमचा करार केला. त्यानुसार मालकी व शेती शेतकऱ्याकडेच राहते. एकरकमी मोबदल्याच्या बदल्यात तळ्याचा निचरा करणार नाही, ते बुजविणार नाही वा जाळणार नाही, असे तो लिहून देतो. निचरा इतक्या वेगाने होत होता, की १९६१ मध्ये काँग्रेसने भावी तिकीटविक्रीच्या तारणावर १० कोटी ५० लाख डॉलरपर्यंतच्या कर्जास मान्यता दिली. १९८६ मध्ये हे कर्ज माफ करण्यात आले.

पूरक प्रवाह : कर आणि वर्गणी

तिकिटाला दोन पूरक प्रवाह लवकरच येऊन मिळाले. २ सप्टेंबर १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने शिकारीच्या बंदुका व काडतुसे यांवरील केंद्रीय उत्पादन शुल्क वन्यजीवांसाठी राखून ठेवले आणि ते राज्यांना वाटण्याची व्यवस्था केली. प्रत्येक प्रकल्पाच्या खर्चाचा तीन चतुर्थांश भाग केंद्राने व उरलेला राज्याने द्यावयाचा होता. शिकार परवान्यांचे उत्पन्न अन्यत्र वळविणाऱ्या राज्यास हा निधी मिळणार नाही, ही त्यातील अट विशेष महत्त्वाची ठरली. रस्ते वा शाळांसाठी परवान्यांचा पैसा उचलण्याची राज्यांची वाट त्यामुळे बंद झाली.

दुसरा प्रवाह स्वेच्छेचा होता. जानेवारी १९३७ मध्ये प्रकाशन व्यावसायिक जोसेफ नॅप व त्यांच्या शिकारी मित्रांनी 'डक्स अनलिमिटेड' ही संस्था स्थापन केली. अमेरिकेत हिवाळा काढणारी बहुसंख्य बदके कॅनडात जन्मतात, तर तिकिटाचा निधी अमेरिकेबाहेर खर्च होऊ शकत नव्हता. ही उणीव भरून काढण्यासाठी अमेरिकन शिकाऱ्यांच्या देणग्या सीमेपलीकडे नेण्यात आल्या. १९३८ मध्ये मॅनिटोबातील बिग ग्रास मार्श या कोरड्या पडलेल्या दलदलीत पाणी अडवून कामास प्रारंभ झाला.

मर्यादा व वाद

या इतिहासाचे गौरवीकरण करताना काही गोष्टींचे भान ठेवणे आवश्यक आहे. एक म्हणजे, जो पैसा देतो तो हक्कही मागतो. १९४९ मध्ये तिकिटाची किंमत २ डॉलर झाली, तेव्हा आश्रयस्थानाचा २५ टक्क्यांपर्यंतचा भाग शिकारीस खुला करण्याची मुभा मिळाली. १९५८ च्या कायद्याने किंमत ३ डॉलर केली व ही मर्यादा ४० टक्क्यांवर नेली. हॉर्नडे यांची शंका निराधार नव्हती, हे यावरून दिसते. दुसरे असे, की शिकाऱ्यांच्या शिशाच्या छऱ्यांनी तळ्यांचे तळ दूषित झाले व ते गिळून पक्ष्यांना विषबाधा होत राहिली. पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाच्या छऱ्यांवर देशव्यापी बंदी येण्यास १९९१ साल उजाडावे लागले. तिसरे म्हणजे, सारे श्रेय शिकाऱ्यांना देणे वस्तुस्थितीला धरून होणार नाही. बंदुकांवरील कर शिकार न करणाऱ्या ग्राहकांकडूनही वसूल होतो. आश्रयस्थानांचे बहुतांश क्षेत्र, विशेषतः अलास्कातील, मूळच्या सार्वजनिक जमिनीतून राखले गेले. पाणथळ जागा बुजविणाऱ्यांच्या कृषी सवलती रोखणारा १९८५ चा कायदा आणि १९८९ चा पाणथळ संवर्धन कायदा यांमागे सर्वसामान्य करदात्यांचाही पैसा व पाठबळ होते.

तरीही परिणाम नाकारता येत नाही. २०१९ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार १९७० पासून उत्तर अमेरिकेतील पक्ष्यांची संख्या सुमारे ३०० कोटींनी घटली. गवताळ प्रदेशातील पक्ष्यांची हानी सर्वांत मोठी होती. पाणपक्षी मात्र याच काळात ५६ टक्क्यांनी वाढले. ज्यांच्यासाठी निधीची कायमची तरतूद झाली ते वाढले आणि शेजारच्याच माळावरचे, पण कोणी वाली नसलेले पक्षी घटले, हा योगायोग मानता येणार नाही.

निष्कर्ष :

शिकाऱ्यांनी अधिवासासाठी पैसा दिला, हे विधान खरे असले तरी अपुरे आहे. त्यांचा स्वार्थ कायद्याने एका निश्चित कामाला जुंपला आणि जमा झालेला पैसा इतरत्र वळू दिला नाही, हे या व्यवस्थेच्या यशाचे खरे कारण होय. तिची दुर्बलताही तेथेच आहे. १९७० च्या दशकाच्या प्रारंभी वर्षाला सुमारे २४ लाख तिकिटे खपत. अलीकडे हा आकडा १५ लाखांच्या आसपास राहिला आहे. १९९१ ते २०१४ या काळात जमिनीच्या किमती वाढत असताना तिकीट १५ डॉलरवरच थांबले होते. २०१५ मध्ये ते २५ डॉलर झाले. शिकारी कमी होत जातील तसतसा हा भार कोणी उचलायचा, हा प्रश्न पुढे येणारच. पक्षी पाहण्यासाठी त्याच तळ्यांच्या काठी येणाऱ्यांना त्यासाठी काही द्यावे लागत नाही. ज्यांनी बदकांवर बंदूक रोखली त्यांच्याकडून कायद्याने किंमत वसूल केली. ज्यांनी दुर्बीण रोखली त्यांच्याकडून ती कशी घ्यावी, याचे उत्तर १९३४ च्या कायद्यात सापडत नाही.