भाभांचे आकाशवाणीवरील भाषण

* डॉ. होमी भाभा यांनी हे भाषण २४ ऑक्टोबर १९६४ रोजी, संयुक्त राष्ट्रदिनी केले. चीनच्या पहिल्या अणुस्फोटाला तेव्हा जेमतेम आठ दिवस झाले होते. १० किलोटनांचा स्फोट साडेसतरा लाख रुपयांत आणि २ मेगाटनांचा ३० लाखांत होतो, असे त्यांनी सांगितले. या हिशेबाने ५० अणुबॉम्बचा साठा १० कोटींच्या आत बसतो.

हे आकडे डोळे झाकून घेण्यासारखे नाहीत. अमेरिकेने शांततामय स्फोटांसाठी जाहीर केलेल्या दरांवर ते बेतलेले होते. अणुभट्टी, प्लुटोनियम वेगळे करणारा कारखाना, बॉम्ब वाहून नेणारी विमाने यांचा भारताला येणारा खर्च त्यांत धरलेला नाही. युरेनियमचे शोधकार्य ही तर या वाटेवरची पहिली पायरी, पण तिचाही खर्च या हिशेबाबाहेरच राहतो.

१९३७ साली वॉल्टर हाइटलर यांच्यासह विश्वकिरणांच्या वर्षावाचे गणित मांडणारे भाभा ते हेच. शोधनिबंधात गृहीतके आधी मांडावी लागतात. रेडिओवरच्या भाषणात ती श्रोत्यांपर्यंत पोहोचली नाहीत. बॉम्बच्या पुरस्कर्त्यांनी त्यातला स्वस्त बॉम्ब तेवढा उचलला.

याच भाषणात भाभांनी निःशस्त्रीकरणाचा आग्रहही धरला आहे. वाचकांनी तो भाग गाळू नये. त्याशिवाय भाभांची भूमिका अर्धवटच कळते.