सेफ्ट्रिॲक्झोन
सेफॅलोस्पोरीन गटातील तिसऱ्या पिढीचे, इंजेक्शनाने दिले जाणारे प्रतिजैविक. गटाचा उगम ज्युसेप्पे ब्रोत्झू यांना १९४५ मध्ये सार्डिनियातील काल्यारी येथे सांडपाण्याच्या मुखाशी सापडलेल्या बुरशीत आहे (पहा : पेनिसिलीन). रेणूतील बीटा-लॅक्टम वलय जंतूची भित्ती सांधणारी एंझाइमे निकामी करते. भित्ती दुबळी होऊन जंतू फुटतो. औषध आतड्यातून शोषले जात नाही. रक्तात ते बहुतांशी प्रथिनांना बांधलेले राहते. अर्धायुकाल सुमारे ६ ते ९ तास असल्याने अनेक संसर्गांत दिवसातून एकच मात्रा पुरते. उत्सर्जन मूत्र व पित्त या दोन्ही मार्गांनी होते.

हे औषध पेशींच्या आत फारसे शिरत नाही; म्हणून त्याची निवड तापाच्या तीव्रतेपेक्षा जंतूच्या वास्तव्यावरून व्हावी, असे दिसते. मावळ-लोणावळ्यासारख्या अतिवृष्टीच्या भातपट्ट्यात खाचरातील उंदीर-गुरांच्या मूत्राने दूषित पाणी जखमेतून लेप्टोस्पायरा जंतू शरीरात नेऊ शकते (पहा : लेप्टोस्पायरोसिस). हे जंतू पेशींबाहेर, रक्तात व ऊतींत असतात. म्हणून गंभीर रुग्णांत हे औषध पेनिसिलिनाइतकेच उपयुक्त ठरते. स्क्रब टायफसचा जंतू मात्र पेशींच्या आत वाढतो. तेथे डॉक्सिसायक्लिन लागते (पहा : स्क्रब टायफस). तपासणीचा निष्कर्ष येईपर्यंत थांबणे धोक्याचे, हा आक्षेप रास्त आहे. पण त्यावरून उपचार लगेच सुरू करणे समर्थनीय ठरते, एकट्या सेफ्ट्रिॲक्झोनवर विसंबणे नव्हे. विषाणुजन्य तापात ते निरुपयोगी असून अनावश्यक वापराने प्रतिरोधक जंतू वाढतात (पहा : प्रतिजैविक-प्रतिरोध).